जन्मवर्षाचा बुद्ध : अगरूच्या पदकाविषयी काही विचार

अगरूच्या लाकडात कोरलेले, अंगठ्याच्या पेराएवढे बुद्धाचे किंवा बोधिसत्त्वाचे पदक रक्षणार्थ गळ्यात घालण्याची रीत चीनमध्ये रूढ आहे. दुकानातून ते 'विकत घेतले' असे म्हणणे तेथे अनुचित समजतात. त्याला 'निमंत्रण दिले' असे म्हणावयाचे. थायलंडमध्येही बुद्धप्रतिमांच्या ताइतांसाठी खरेदीचा शब्द टाळून 'भाड्याने घेणे' हा शब्द योजतात. व्यवहार पैशांचाच असतो. मात्र भाषेला त्याचा संकोच वाटतो, ही गोष्ट आम्हांस बोलकी वाटते. पण आमचा मुख्य प्रश्न या संकोचाचा नाही, निवडीचा आहे. कोणत्या मनुष्याने कोणते पदक घालावे हे कशावरून ठरते?

ते ठरते जन्मवर्षावरून. चिनी कालगणनेत बारा प्राण्यांचे वर्षचक्र आहे आणि या बारांना आठ रक्षक नेमून दिलेले आहेत. उंदराच्या वर्षी जन्मलेल्यास सहस्रभुज अवलोकितेश्वर, बैल व वाघ यांस आकाशगर्भ, सशास मंजुश्री, ड्रॅगन व साप यांस समंतभद्र, घोड्यास महास्थामप्राप्त, मेंढी व माकड यांस वैरोचन, कोंबड्यास अचल, कुत्रा व डुक्कर यांस अमिताभ. जपानातही नेमकी हीच यादी प्रचलित आहे. तिला 'जन्मवर्षाचे बुद्ध' म्हणत असले तरी आठांपैकी बुद्ध दोनच. पाच बोधिसत्त्व आहेत आणि अचल हा विद्याराज आहे.

बारांना आठच रक्षक का, याचे उत्तर दिशांच्या गणितात आहे. मुख्य दिशांना एकेक प्राणी व उपदिशांना दोन-दोन, अशी ती मांडणी आहे. या मांडणीची किंमत कोणाला मोजावी लागली ते पाहावे. अमिताभाची सुखावती पश्चिमेस आहे हे महायानाच्या सामान्य उपासकासही ठाऊक असते. येथे मात्र पश्चिम अचलाकडे गेली आणि अमिताभ वायव्येस सरकला. मंडलाच्या मध्यभागी असणारा वैरोचन नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आला. म्हणजे पंचांगाची चौकट आधी पक्की झाली, मग तिच्यात बुद्ध व बोधिसत्त्व भरले गेले. त्यांच्या स्वतःच्या अर्थाला या चौकटीत जागा उरलेली नाही.

आम्ही पालीचे अभ्यासक आहोत म्हणून महायानाच्या देवमंडळावर टीका करीत आहोत, असा समज होऊ नये. उलट आमची तक्रार महायानाच्या बाजूने आहे. मंजुश्रीच्या हातातील खड्ग अविद्या छेदण्यासाठी असते आणि त्याच्याजवळचा ग्रंथ प्रज्ञेचा असतो. अवलोकितेश्वराच्या मुकुटात अमिताभाची लहान मूर्ती आणि महास्थामप्राप्ताच्या मुकुटात कलश असतो, यावरूनच हे दोघे वेगळे ओळखता येतात. ही लक्षणे म्हणजे दृश्यरूपातील उपदेश होय. अंगठ्याएवढ्या, राळेच्या शिरांनी भरलेल्या लाकडात ती कोरणे उत्तम कारागिरासही अवघड; सहस्र भुजांचे तर नावच नको. परिणामी पदकावर एक सौम्य मुख व प्रभावळ एवढेच उरते आणि आपण कोणास गळ्यात बांधले आहे हे सोबतच्या चिठ्ठीवरून वाचावे लागते. प्रज्ञेची ओढ आहे म्हणून एखाद्याने मंजुश्री निवडला, तर तो अनुस्मृतीचा आरंभ होऊ शकेल. सशाच्या वर्षी जन्मलो म्हणून मंजुश्री वाट्यास आला, तर त्याचे खड्ग काय छेदते हे विचारण्याचे कारणच उरत नाही. पुरुषाने क्वान्-यिन् व स्त्रीने बुद्ध घालावा हा दुसरा संकेतही त्याच जातीचा. त्याच्या समर्थनार्थ शब्दांवरील श्लेष सांगतात, आणि त्यातील 'बुद्ध' बहुधा मैत्रेयाचा अवतार मानला गेलेला स्थूल, हसरा भिक्षू बूदाई असतो.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त येथे आठवते. मनुष्य जन्माने श्रेष्ठ होतो की कर्माने, या वादावर भगवंत तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य, पक्षी अशी मालिका उभी करतात. या सर्वांत जातिपरत्वे जन्मजात चिन्हे भिन्न असतात, मनुष्यांत तशी नसतात, असा तेथील युक्तिवाद आहे. वर्षचक्र नेमके उलट करते. मनुष्यावर प्राण्याचे चिन्ह लावते आणि त्यावरून त्याचा आश्रय ठरवते. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जन्मावरून काहीही ठरू देण्याचे नाकारले, त्या समाजातील उपासकाच्या हाती पूर्वेकडून आलेला स्नेही असे पदक ठेवतो, तेव्हा त्या भेटीतील प्रेम घ्यावे. परंतु सोबतची जन्मवर्षाची चिठ्ठी निरुपद्रवी आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता लाकडाविषयी. आपल्या 'अगरबत्ती'तील अगर आणि 'उदबत्ती'तील ऊद हे दोन्ही शब्द याच काष्ठाचे. संस्कृतातील 'अगुरु' या रूपाचा शब्दशः अर्थ 'जड नव्हे तो', तर चिनी नावाचा अर्थ 'बुडणारा सुगंध', कारण राळेने भरलेला उत्तम तुकडा पाण्यात बुडतो. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके व जवळजवळ निर्गंध असते. जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला म्हणजे झाड राळ निर्माण करते आणि तोच भाग अगरू होय. राळ आहे की नाही हे बाहेरून सहज कळत नसल्याने ती नसलेली झाडेही तोडली गेली. आसामात वाढणाऱ्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून आणि त्या वंशातील सर्व जातींचा २००५ पासून सायटीस कराराच्या नियंत्रणाखाली आहे. आता लागवडीच्या झाडांना मुद्दाम छिद्रे पाडून राळ तयार करवितात. पदकाचे माहात्म्य सांगताना झाडाच्या जखमेची उपमा दुःखातून उपजलेल्या पुण्याला देतात. ही छिद्रे पाडण्याची गोष्ट मात्र वगळतात.

सुगंधी वस्तू अंगावर असणे हेच मंगल, ही कल्पना बुद्धाच्या काळाहून नवी नाही. महामंगल सुत्ताच्या अट्ठकथेत मंगल म्हणजे काय यावर बारा वर्षे चाललेल्या कोलाहलाची कथा आहे. दृष्टीस पडते ते मंगल म्हणणारे दिट्ठमंगलिक, कानी येते ते मंगल म्हणणारे सुतमंगलिक, आणि गंध, रस, स्पर्श यांनी जाणवते ते मंगल म्हणणारे मुतमंगलिक, असे तीन पक्ष पडले होते. अगरूचे पदक या तिसऱ्या पक्षास फार आवडले असते. सुत्तात अडतीस मंगले सांगितली आहेत आणि त्यांतील एकही गळ्यात घालता येत नाही. अंगुत्तर निकायात आनंद विचारतो की मूळ, सार व पुष्प यांचे गंध वाऱ्याच्या दिशेनेच जातात, तर विरुद्ध दिशेनेही जाणारा गंध आहे काय? उत्तरात वृक्षाचे नाव येत नाही. त्रिशरण गेलेल्या, पंचशील पाळणाऱ्या, दानशील स्त्रीपुरुषांचे वर्णन येते.

तरीही तिपिटक भाविकाची थट्टा करीत नाही, हे आपल्याकडील अतिउत्साही टीकाकार विसरतात. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भगवंत उपदेश करताना शिंकले आणि भिक्षूंनी दीर्घायुष्याचा गजर केला. तसे म्हटल्याने कोणी जगतो वा मरतो काय, असे विचारून भगवंतांनी ते म्हणणे बंद केले. पुढे गृहस्थ भिक्षूंच्या शिंकेवर शुभ चिंतू लागले आणि भिक्षू उत्तर देईनात, तेव्हा लोक नाराज झाले. त्यावर गृहस्थ मंगल मानणारे असतात असे म्हणून प्रत्युत्तर देण्याची अनुज्ञा मिळाली. (आपल्याकडे मूल शिंकले की 'शतंजीव' म्हणतात, त्याचेच हे भावंड.) गर्भ गमावलेल्या एका स्त्रीने मंगलासाठी अंथरलेल्या वस्त्रावर भिक्षूंनी पाय ठेवण्याची अनुज्ञाही तेथेच आहे. सामर्थ्य शब्दात नाही व वस्त्रातही नाही. अनुज्ञा आहे ती समोरच्या माणसाच्या मनासाठी.

परित्ताचा दोरा मनगटास बांधणारा थेरवाद ताइताविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. महावंसात विजयाच्या अनुचरांना यक्षिणीपासून वाचवतो तो दोराच. परंतु परित्ताचे मूळ पाहिले तर खंधपरित्तात सर्पदंशाने मेलेल्या भिक्षूच्या निमित्ताने सर्पकुलांवर मैत्री पसरविण्यास सांगितले आहे. ज्याचे भय, त्याच्याशीच नाते जोडण्याची ती रीत आहे. मिलिंदपञ्हात नागसेन स्पष्ट सांगतो की कर्म, क्लेश व अश्रद्धा यांचा अडथळा असेल तेथे परित्त रक्षण करीत नाही. अशी मर्यादा सांगणारी चिठ्ठी कोणत्याही पदकासोबत येत नाही.

याच चुल्लवग्गात सुगंधी लाकडाची आणखी एक कथा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने चंदनाच्या खोडाचे पात्र कोरविले आणि शिंक्यात घालून बांबूच्या टोकाशी टांगले. जो ऋद्धिमान असेल त्याने ते उतरवून घ्यावे. पिंडोल भारद्वाजाने आकाशमार्गे ते आणले. भगवंतांनी त्याला कठोर शब्दांत फटकारले, गृहस्थांपुढे ऋद्धी दाखविण्यास मनाई केली आणि ते पात्र फोडून त्याचे चूर्ण भिक्षूंना अंजन सुगंधी करण्यासाठी देण्यास सांगितले.