भूल, चुंबक आणि मोजपट्टी

‘भूल’ या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. एक चूक, दुसरा मोहिनी आणि तिसरा शस्त्रक्रियेआधी देतात ती. शस्त्रक्रियेनंतर म्हातारे माणूस नातवाचे नाव विसरले, की घरात म्हणतात, ‘अजून भूल उतरली नाही.’ रात्री भलतेच बरळू लागले, तर ‘वात झाला’. सहा महिन्यांनीही तेच चालू राहिले, तर ‘आता वय झालं’. एवढ्यात चौकशी संपते. या विस्मरणावर चुंबकीय लहरींचा उपाय होऊ शकेल, असे आता बोलले जाते. त्या दाव्याकडे मला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून पाहायचे आहे. या जिल्ह्यांत ते यंत्र उद्या येईल की परवा, हा माझा प्रश्न नाही. त्या यंत्राने गुण आला, हे आपण कशावरून ठरवणार, हा आहे.

यंत्राचे तत्त्व जुने आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून, कवटी न उघडता, मेंदूच्या पृष्ठभागातील पेशी चेतवल्या. हे स्पंद वारंवार दिले, की त्या भागाची चेतनाक्षमता काही काळ बदलते. ढोबळमानाने, वेगवान स्पंदांनी ती वाढते आणि संथ स्पंदांनी कमी होते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत या उपचाराला २००८ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतरच्या विस्मरणासाठी मात्र तो अजून रूढ उपचार नाही. प्रयोग चालू आहेत, इतकेच म्हणता येते.

आता आजाराकडे येऊ. १९५५ मध्ये बेडफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलीचे काय परिणाम होतात, यावर लेख लिहिला. घरच्यांची ‘म्हातारा पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतली, हे त्या लेखाचे मोठेपण. पण तक्रार म्हणजे मोजमाप नव्हे. ते १९९८ मध्ये झाले. साठीपुढच्या १२१८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एका आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गटात ते अनुक्रमे ३.४ आणि २.८ टक्के होते.

या आकड्यांत चुंबकाच्या दाव्याची खरी कसोटी दडलेली आहे. चौथ्या हिश्शाचे प्रमाण तीन महिन्यांत दहाव्या हिश्शावर येते, आणि त्यासाठी कोणताही खास उपचार दिलेला नसतो. बरेच जण आपोआप सावरतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात कोणी चुंबक लावले, अंगारा लावला किंवा काहीच केले नाही, तरी पुष्कळांना गुण येणारच. म्हणून तुलनेचा गट नसलेला प्रयोग मी पुरावा मानत नाही. त्या गटालाही खोटे वेटोळे लावावे लागते. तसाच टकटक आवाज, तेवढाच वेळ, तेवढीच माणसांची ये-जा. फक्त चुंबकीय स्पंद तेवढे नसतात.

‘भूल उतरली नाही’ हे आपले वाक्यही तपासायला हवे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांना पूर्ण भूल आणि कण्यातून दिलेली भूल यांची तुलना झाली. शस्त्रक्रियेनंतर भ्रम होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, पाचात एक, निघाले. वय, वेदना, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, शरीरातील दाह यांचा वाटा मोठा असतो. सगळा दोष भुलीवर टाकणारी आपली भाषा या बाकीच्या कारणांना मोकळे सोडते.

मोजपट्टीचा प्रश्न इथेच अडतो. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्यांत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, घड्याळ काढायला सांगतात, एक वाक्य लिहून घेतात. शाळेची पायरी न चढलेली भामरागडची माडिया आजी शस्त्रक्रियेआधीच यात नापास होईल, आणि नंतरही. मग तिचे काय हरवले, ते कळणार कसे? प्रश्न मराठीतून, उत्तर माडियातून. सिरोंच्याला तेच तेलुगूतून. ही अडचण दूर करता येते. हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये अशा चाचणीचे हिंदी रूप बेतले गेले. त्यात शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसातून तीन होते आणि लिहिण्याऐवजी बोलणे. आपल्याकडे याच्याही पुढे जाता येईल. तेंदूच्या हंगामात ७० पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईचे हात आणि लक्ष एका लयीत चालतात. शस्त्रक्रियेनंतर तिचे पुडे कमी-जास्त भरू लागले, मोहाच्या झाडाची ओळखीची वाट चुकू लागली, तर ते घड्याळाच्या चित्रापेक्षा बोलके लक्षण आहे. मात्र त्याची नोंद शस्त्रक्रियेआधीही हवी.

अशी घराघरांतली नोंद इथे अशक्य नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याची साक्ष आहे. त्यात नोंदलेल्या मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले आणि त्यातले बहुतेक घरीच झाले होते. रुग्णालयाच्या रजिस्टरवर विसंबले असते, तर ते दिसलेच नसते.

आणि उपाय? १९९९ मध्ये अमेरिकेत ८५२ वृद्ध रुग्णांवर एक अभ्यास झाला. चष्मा, कानाचे यंत्र, पुरेसे पाणी, रात्रीची शांत झोप, लवकर चालवणे, एवढ्या सांभाळाने भ्रमाचे प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, पण पुढे हीच पद्धत शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही वापरली गेली. शोधग्रामचे माँ दंतेश्वरी रुग्णालय आदिवासी गावासारखे बांधलेले आहे आणि तिथे नातेवाईकांना रुग्णासोबत राहता येते. सोयीसाठी केलेल्या या रचनेत मला उपचाराचाही अंश दिसतो. उलट, चुंबकाच्या उपचाराला सहसा आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे, रोज केंद्रावर जावे लागते. भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा चढली की मुळात रस्ताच तुटतो.

चुंबकाला माझा विरोध नाही. उद्या नीट चाचण्यांतून तो उतरला, तर तो इथल्या माणसालाही मिळाला पाहिजे. पण आज कोणी ‘यंत्राने स्मृती परत आली’ असे म्हटले, तर मी तीन गोष्टी विचारीन: कोणत्या भाषेत मोजली, कोणाशी तुलना केली, आणि किती दिवसांनी? ही उत्तरे मिळेपर्यंत शस्त्रक्रियेआधी दहा मिनिटे त्या आजीच्या भाषेत तिच्याशी बोलून तिची नोंद करायला कोणतेही यंत्र लागत नाही. ती नोंद नसेल, तर तिचे हरवलेले ‘वय झालं’ या दोन शब्दांत जमा होईल आणि तक्रार करायला तिच्याकडे कागदही नसेल.