देहावरची भूमी

ऑस्ट्रेलियन वेशभूषाकार लिंडा जॅक्सन यांनी १९८२ साली सिडनीतील ‘फ्लेमिंगो पार्क’ हे दालन सोडून ‘बुश कुतूर’ची स्थापना केली आणि रेशमावर ओपल, रानफुले, वाळवंट रंगवून वस्त्र व चित्र यांतील सीमा पुसट केली. ओपल हे रत्न हलताच रंग बदलते. त्यांचे रेशीमही देहावरच जिवंत होते. भिंतीवर ताणल्यास मात्र सुंदर नक्षी तेवढी उरते.

ज्यांच्यासह त्यांनी काम केले, त्या मध्य ऑस्ट्रेलियातील यूटोपियाच्या आदिवासी स्त्रियांचे तसे होत नाही. तेथील एमिली काम उंग्वारे यांनी १९७७ च्या सुमारास बाटिकने आरंभ केला; दशकभराने कॅनव्हास हाती घेतला, तरी काही हरवले नाही. ती भूमी त्यांना पाहावयाचे दृश्य नव्हतीच, पूर्वजांकडून आलेले नाते होते.