सत्ता, स्नेह आणि छपाईयंत्र

अमेरिकेच्या राज्यघटनेने सत्तेच्या तीन शाखा निर्माण केल्या : कायदे करणारी काँग्रेस, कारभार पाहणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्यायनिवाडा करणारी न्यायालये. वृत्तपत्र ही चौथी शाखा नव्हे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्याला सत्ता दिली नाही. दिले ते केवळ स्वातंत्र्य. या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘द पोस्ट’ (२०१७) या चित्रपटाने उभा केला आहे.

घटना १९७१ ची. व्हिएतनाम युद्धाविषयी सरकार जनतेला एक सांगत होते आणि त्याचाच गुप्त अहवाल दुसरे बोलत होता. सुमारे ७,००० पानांचा हा अहवाल डॅनियल एल्सबर्ग यांनी पत्रकारांच्या हाती दिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जूनपासून तो छापण्यास आरंभ करताच सरकारने न्यायालयातून मनाई मिळविली. मग ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या कॅथरीन ग्रॅहॅम यांच्यापुढे तोच पेच आला. कंपनीचे समभाग नुकतेच बाजारात आलेले, वकिलांचा विरोध आणि हा अहवाल करवून घेणारे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा हे तर घरोब्याचे स्नेही!

चित्रपटाचे बळ येथेच आहे. मेरिल स्ट्रीप यांनी रंगविलेल्या ग्रॅहॅमबाई वीरांगना नाहीत. त्यांचा आवाज कापतो, शब्द अडखळतात. परक्या सत्तेशी वैर धरणे सोपे. जिच्या पंगतीस आपण जेवलो, त्या सत्तेला जाब विचारणे कठीण. दिग्दर्शकाने हे अचूक हेरले आहे.

तथापि दोन गोष्टी आम्हांस खटकतात. ज्या एल्सबर्ग यांनी दीर्घ कारावासाचा धोका पत्करला, ते कथेच्या कडेलाच राहतात. त्यांच्यावरील खटला १९७३ मध्ये सरकारच्याच गैरवर्तनामुळे रद्द झाला, ही हकीकत चित्रपटाबाहेरच राहते. दुसरे असे की, ३० जूनचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ विरुद्ध ३ असा निकाल येथे निर्भेळ विजयासारखा साजरा होतो. वास्तविक, छपाई आधीच रोखण्यास पुरेसे कारण सरकारने दाखविले नाही, एवढेच न्यायालयाने ठरविले. छापल्यानंतर खटला भरता येईल, ही शक्यता काही न्यायमूर्तींनी मोकळीच ठेवली होती.

ग्रॅहॅमबाईंनी ‘छापा’ म्हटले, तेव्हा हा निकालही लागलेला नव्हता. घटना वाट मोकळी ठेवते; पाऊल मात्र माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीलाच उचलावे लागते. एवढ्यासाठी तरी हा चित्रपट कुटुंबाने एकत्र बसून पाहावा, असे आम्ही सुचवितो.