विंडोजच्या नव्या आवृत्त्या : एक परीक्षण

ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली म्हणून जुनी प्रत वाचकाच्या कपाटांतून नाहींशी होत नाहीं. ग्रंथकारानें एखादें सरस प्रकरण गाळलें असेल, तर वाचक जुनी प्रत खालीं काढतो, दोन्ही शेजारीं मांडतो आणि ग्रंथकाराची हजेरी घेतो. संगणकाच्या प्रणालीचा प्रकार निराळा आहे. तिची नवी आवृत्ति घरांत येते ती जुनीच्या जागीं बसण्यासाठींच, आणि पुष्कळदां मालक झोंपलेला असतांना येते. मोठ्या आवृत्तीच्या बाबतींत दहा दिवसांपर्यंत माघार घेण्याची सोय ठेवलेली असते, हें खरें. पण मुदत संपली कीं जुनी प्रत पुसली जाते. अशा कृतीचें परीक्षण करावयाचें तर आंत नवें काय आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती घरांत कोणत्या रीतीनें आली, हेंहि पाहावें लागतें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं, कचेरींत किंवा मुलांच्या शाळेंत असेल, म्हणून तीच आम्हीं विचारास घेतली आहे. तिच्याविषयीं लिहिणारांचे दोन पंथ दिसतात. एक प्रत्येक अपडेटाचें स्वागत आरती ओवाळून करतो. दुसऱ्यास जुनें तेवढें सोनें वाटतें. दोघांच्याहि लिखाणापासून सामान्य माणसास कांहीं बोध होत नाहीं. आमची कसोटी साधी आहे. अपडेट जें करीन म्हणतें तेंच करतें काय, आणि यंत्राच्या मालकास तें मालक समजतें काय? खिडक्यांचे कोपरे गोल झाले कीं चौकोनी राहिले, हा वाद आम्ही हौशी मंडळींकडे सोपवितों.

प्रथम कंपनीची बाजू सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं विंडोजच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नेमानें बाहेर पडतात. त्या कंटाळवाण्या असतात, त्यांचीं नांवें म्हणजे बहुतेक नुसते आंकडेच, आणि त्या बसल्याचा फायदा डोळ्यांना कधीं दिसत नाहीं. परंतु १४ मार्च २०१७ रोजीं निघालेली अशीच एक दुरुस्ती ज्या यंत्रांवर बसली नव्हती, त्यांवर १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा खंडणीखोर प्रोग्राम तुटून पडला. देशोदेशींचीं यंत्रें अडकलीं, आणि इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. मध्यें जवळजवळ दोन महिने मिळाले होते! तेव्हां "अपडेटें बंदच करून टाका" हा शेजारच्या हुशार मुलाचा सल्ला ऐकण्याजोगा नाहीं. सगळें मालकाच्या तत्परतेवर सोडून चालत नाहीं, हें कंपनीचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

पण ज्याच्या हातीं घराची किल्ली द्यावयाची त्याच्या शब्दावर विश्वास बसला पाहिजे, आणि येथेंच कंपनीनें आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. विंडोज १० ही आवृत्ति २९ जुलै २०१५ रोजीं निघाली, आणि विंडोज ७ व ८.१ वापरणारांस ती एक वर्षपर्यंत फुकट देऊं केली होती. फुकट देण्यास कोणाची हरकत असणार? हरकत होती ती आग्रहाच्या तऱ्हेला. निमंत्रणाची खिडकी वरचेवर उघडे; आणि मे २०१६ च्या सुमारास तर अशी रचना झाली कीं कोपऱ्यांतील फुली दाबून ती खिडकी मिटली, तरी पुढें ठरलेला बदल रद्द होत नसे. फुली म्हणजे 'नको', हें विंडोज ९५ पासून या कंपनीनेंच लोकांच्या हातांना शिकविलें होतें. पंक्तींत पानावर हात आडवा धरला असतां वाढणारानें बोटांच्या फटींतून वाढून पुढें जावें, त्यांतला हा मासला. कॅलिफोर्नियांतील एका व्यावसायिक बाईनें, न मागितलेल्या बदलानें कामाचें यंत्र बिघडलें म्हणून दावा लावला. तिला १०,००० डॉलर मिळाले, आणि कंपनीनें अपील सोडून दिलें. जून २०१६ च्या अखेरीस स्पष्ट नकार देण्याची सोय जाहीर झाली खरी, पण तेव्हां त्या फुकट देणगीची मुदत संपण्यास जेमतेम महिना उरला होता.

त्या वर्षानंतर कंपनी जपून पावलें टाकूं लागली, असें दिसतें. ऑगस्ट २०१६ च्या आवृत्तींत मालकास आपले कामाचे तास सांगून ठेवतां येऊं लागले. त्या तासांत यंत्र अपडेटासाठीं आपण होऊन बंद होऊन पुन्हां सुरू व्हावयाचें नाहीं, असा करार. प्रथम हे तास अधिकांत अधिक १२ होते, २०१७ मध्यें १८ झाले. उरलेले ६ कंपनीचे! रात्रपाळी करणारानें किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारानें काय करावें, याचें उत्तर त्या करारांत नव्हतें. मे २०१९ च्या आवृत्तीनें घरगुती प्रतीच्या मालकासहि अपडेटें आठवडा आठवडा करून ३५ दिवसांपर्यंत थोपवून धरण्याचा अधिकार दिला, आणि मोठी आवृत्ति केव्हां बसवावयाची हें बटण त्याच्या हातीं ठेवलें. व्यावसायिकांच्या महाग प्रतींत अपडेट लांबविण्याची सोय आधींपासून होती. गृहस्थास ती विंडोज १० निघाल्यावर जवळजवळ चार वर्षांनीं मिळाली. घरीं केलेल्या कामास घाई नसते, अशी या लोकांची समजूत असावी.

या दोहोंच्या मधली ऑक्टोबर २०१८ ची आवृत्ति मात्र आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. गुणांकडे पाहिलें तर ती उत्तम होती. नकल केलेला मजकूर एका वेळीं एकच ध्यानांत ठेवावयाचा आणि नवा येतांच जुना विसरावयाचा, ही विंडोजची जुनी खोड तिनें मोडली. ही सोय एकदां चालू केली म्हणजे विंडोजचें बटण व 'व्ही' हीं दोन दाबतांच मागच्या कित्येक नकलांची यादी समोर येते. लेखनिकास हें वरदानच. नोटपॅडमध्यें दुसऱ्या प्रणालीवर तयार झालेली फाईल उघडली कीं सगळ्या ओळी एकमेकींस चिकटून एकच लांबलचक ओळ होई. ती अडचणहि याच आवृत्तीनें दूर केली. आणि याच आवृत्तीनें लोकांच्या फायली पुसल्या.

हें कसें झालें तें समजून घेण्यासारखें आहे. कागदपत्रें, चित्रें वगैरेंसाठीं विंडोजमध्यें ठराविक फोल्डरें असतात. डिस्कवर जागा अपुरी पडली म्हणून कित्येक जण तीं दुसऱ्या डिस्कवर हलवितात. असें केलें असतां जुन्या ठिकाणीं त्याच नांवाचें रिकामें फोल्डर पडून राही, आणि एकाच नांवाचीं दोन फोल्डरें दिसून घोटाळा होतो, अशी लोकांची तक्रार होती. तक्रार रास्त होती. अडगळ कोणास आवडते? ती दूर करण्यासाठीं जुन्या ठिकाणचें फोल्डर काढून टाकण्याची योजना नव्या आवृत्तींत केली गेली. मात्र तें खरोखर रिकामें आहे काय, हें पाहिलें गेलें नाहीं. ज्यांनीं फोल्डर हलवितांना आधींच्या फायली जुन्याच जागीं राहूं दिल्या होत्या, त्यांच्या फायली फोल्डराबरोबर गेल्या. २ ऑक्टोबरला निघालेली आवृत्ति कंपनीनें चार दिवसांत थांबविली. ती दुरुस्त होऊन पुन्हां बाहेर पडली १३ नोव्हेंबरला.

अशा तक्रारी बसलेल्या प्रतींच्या मानानें दहा हजारांत एक इतक्याच आल्या, असा खुलासा कंपनीनें केला. हिशेबावर आमचा आक्षेप नाहीं. ज्याच्या घरचे लग्नाचे फोटो गेले त्याचें या त्रैराशिकानें समाधान होणार नाहीं, एवढेंच. आमचा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आवृत्ति सर्वांच्या हातीं पडण्यापूर्वीं ती हौसेनें तपासणाऱ्या लोकांपैकीं कांहींनीं फायली गेल्याचें कंपनीस कळविलें होतें. परंतु त्या तक्रारींस दुजोरा देणारे थोडे, म्हणून त्या ढिगांत तळाशीं राहिल्या. तक्रारीचें वजन तिच्यामागें उभ्या राहिलेल्या डोक्यांवरून ठरूं लागलें, म्हणजे 'माझें बटण हललें' ही तक्रार 'माझे कागद गेले' या तक्रारीला सहज मागें टाकते. कारण बटण सर्वांचें हलतें. पुढें तक्रार नोंदवितांना तिचें गांभीर्य किती, हें सांगण्याची जागा कंपनीनें नोंदणीच्या तक्त्यांत घातली. ही सुधारणा कोणत्याहि जाहिरातींत मिरविली गेली नाहीं. आमच्या मतें त्या वर्षांतील सर्वांत शहाणपणाची सुधारणा तीच.

५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ संबंधानें थोडक्यांत लिहिलें तरी पुरे. घेऊन परत देणें, हा तिच्या पहिल्या तीन वर्षांचा मुख्य उद्योग दिसतो. फाईल ओढून टास्कबारावरील चिन्हावर नेण्याची सोय काढली. ती २०२२ मध्यें परत आली. उघडलेल्या खिडक्यांचीं नांवें टास्कबारावर वेगवेगळीं दाखविण्याची सोय काढली. ती २०२३ मध्यें परत आली. उजव्या बटणाच्या यादींतून 'कापा', 'नकल करा', 'चिकटवा' हे शब्द काढून तेथें मुकीं चिन्हें बसविलीं. २०२४ च्या आवृत्तींत चिन्हांखालीं शब्द परत आले. प्रत्येक पुनरागमनाचें वर्णन 'सुधारणा' म्हणूनच झालें. याच्या उलट, नोटपॅडमध्यें एकाहून अधिक पावलें मागें घेण्याची सोय झाली ती खरोखरची नवी. १९८५ पासून विंडोजबरोबर असलेल्या या गरीब प्रोग्रामास ती मिळण्यास ३६ वर्षें लागलीं.

आमच्या कसोटीस सर्वांत जवळची गोष्ट मात्र २०२५ ची आहे. यंत्र बंद करतांना 'अपडेट करून बंद करा' असा एक पर्याय विंडोज देते. तो निवडून माणसानें निजावें आणि सकाळीं पाहावें तों यंत्र जागेंच, असा अनुभव असंख्य लोक वर्षानुवर्षें सांगत होते: अपडेट होई, पण बंद होण्याऐवजीं यंत्र पुन्हां सुरू होई. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या अपडेटांत हा दोष दूर केल्याची एका वाक्याची नोंद आली, आणि नोव्हेंबरमध्यें ती दुरुस्ती विंडोज ११ च्या सर्व मालकांस मिळाली. 'बंद करा' याचा अर्थ पुन्हां 'बंद करा' असा झाला. असल्या दुरुस्तीनें कोणी नवें यंत्र विकत घेणार नाहीं. पण पडद्यावरचा शब्द वाचून त्यावर विसंबून उठून जातां येतें, हें काय थोडें आहे?

त्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेस विंडोज १० ची नेहमींची देखभाल संपली. विंडोज ११ ला सुरक्षिततेची एक ठराविक चकती व बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळें धडधाकट चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांस पुढें वाट नव्हती. त्यांच्यासाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देण्याचें ठरलें. युरोपांतील ठराविक देशांस त्या फुकट. इतरांनीं ३० डॉलर मोजावे, किंवा आपली मांडणी कंपनीच्या खात्यांत साठवावी, किंवा कंपनीचे बक्षिसाचे १,००० गुण खर्च करावे. वॉनाक्रायचा प्रसंग पाहिल्यावर, दुरुस्ती देतांना असा देशपरत्वें भेद करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

मराठी लिहिणारांच्या दृष्टीनें दोन शब्द राहिले. मे २०१९ च्या ज्या आवृत्तीचा वर उल्लेख आला आहे, तिच्यांतच मराठीसह दहा भारतीय भाषांसाठीं उच्चाराप्रमाणें टंकण्याचे कळफलक आले. इन्स्क्रिप्टची मांडणी ज्यांच्या बोटांत बसली नाहीं, त्यांस 'namaskar' या रोमन अक्षरांच्या कळा दाबून 'नमस्कार' उमटवितां येऊं लागलें, आणि त्यासाठीं बाहेरचा प्रोग्राम आणण्याची गरज उरली नाहीं. उलटपक्षीं, विंडोज २००० पासून घरचा असलेला मंगल हा टंक विंडोज १० मध्यें ऐच्छिक सामानांत गेला. त्यामुळें मंगलमध्यें वर्षानुवर्षें लिहिलेले अर्ज, ठराव आणि प्रश्नपत्रिका नव्या यंत्रावर उघडल्या तर दुसऱ्याच वळणांत दिसतात. ओळी भलतीकडे तुटतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर सांडते. उपाय सोपा आहे, पण तो अपडेट आपण होऊन सांगत नाहीं: विंडोजच्या भाषांच्या यादींत मराठी जोडावी, म्हणजे मंगल परत येतो.