मॅन-ॲट-आर्म्सची मिशी

ही-मॅनचं कार्टून पाहिलेल्या कुणालाही विचारा, मॅन-ॲट-आर्म्स कसा दिसतो? हिरवं अंग, नारिंगी चिलखत, डोक्यावर निळं शिरस्त्राण आणि मिशी. मिशी तर हमखास सांगतील. पण १९८२ मध्ये मॅटेल कंपनीनं ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ नावाची खेळणी बाजारात आणली, तेव्हाच्या मॅन-ॲट-आर्म्सला मिशी नव्हती. चेहरा सफाचट. मिशी दिली ती फिल्मेशन स्टुडिओनं, १९८३ च्या सप्टेंबरात कार्टून सुरू झालं तेव्हा.

एवढ्याशा मिशीवर लेख कशाला, असं वाटेल. पण ‘खरा’ मॅन-ॲट-आर्म्स कोणता, हे ठरवायला गेलं की या सगळ्या छंदाची गोम हाती लागते. आपल्याला सवय आहे ती आधी सिनेमा किंवा कार्टून आणि मग त्याची खेळणी, या क्रमाची. ‘स्टार वॉर्स’चं तसंच झालं होतं. त्या खेळण्यांचे हक्क मॅटेलनं नाकारले, केनर कंपनीनं घेतले आणि पुढं काय झालं ते जगानं पाहिलं. हळहळलेल्या मॅटेलनं मग स्वतःचं विश्व काढलं आणि तिथं क्रम उलटा झाला. आधी बाहुला, मग गोष्ट.

आणि तो बाहुलाही किती जुगाडू! साडेपाच इंचांचा, पाय वाकलेले, दंड फुगलेले, कंबरेत स्प्रिंग. कंबर पिळून सोडली की ठोसा बसायचा. साचे महाग, म्हणून एकाच धडावर वेगवेगळी डोकी. बीस्ट मॅन आणि स्ट्रॅटोस यांचं केसाळ अंग एकच. स्केलेटर आणि मर-मॅन यांचे नख्यांचे पाय एकच. ही-मॅनचं वाहन असलेला बॅटल कॅट तर ‘बिग जिम’ या आधीच्या मालिकेतला वाघ. त्याला हिरवा रंग फासला आणि वर खोगीर चढवलं. ही-मॅनला निळा रंगवून, अंगावर स्केलेटरचं चिलखत चढवून ‘फेकर’ नावाचा तोतया विकला. यात कलेपेक्षा काटकसर जास्त होती हे कबूल. पण या काटकसरीनं मुलांसाठी जागा सोडली. हा निळा कोण, ह्याचं अंग त्याच्यासारखं का, याची उत्तरं मुलांनी स्वतःच रचायची.

या जुन्या खेळण्यांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तलवार. ती अर्धी आहे. ही-मॅनची करडी, स्केलेटरची जांभळी, दोन्ही एका बाजूनं सपाट. सपाट बाजू एकमेकींना लावल्या की एक पूर्ण तलवार होते. खेळण्यासोबत खोक्यात मिळणाऱ्या छोट्या कॉमिकमध्ये गोष्टही तीच होती: दोन अर्धे जोडेल त्याला कॅसल ग्रेस्कलचं दार उघडेल. तिथं प्रिन्स ॲडम नाही, राजवाडा नाही. ही-मॅन आहे तो जंगलातल्या टोळीतून बाहेर पडलेला एक योद्धा. स्केलेटर दुष्टच आहे, पण अर्धी तलवार त्याच्याकडेही आहे. खेळायला बसल्यावर त्याचा दावा अगदी बरोबरीचा.

आणि ती जोडायची तर दोन बाहुले लागतात. बहुतेक घरांत, म्हणजे दोन मुलं लागतात.

कार्टूननं ही तलवार अख्खी केली आणि ॲडमच्या हातात देऊन टाकली. प्रश्नच मिटला. आता तलवार कुणाची हे ठरलेलं, कोण जिंकणार हेही ठरलेलं, आणि शेवटी कुणीतरी प्रेक्षकांकडे बघून आजचा धडा सांगणार. या धड्यांमागं कारणही होतं. रेगनच्या काळात अमेरिकेत मुलांच्या टीव्हीवरचे निर्बंध सैल होत होते; पेगी चॅरन आणि त्यांची ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना अशा मालिकांना पूर्ण लांबीच्या जाहिराती म्हणत होती. धडा हे त्यावरचं कवच होतं.

फिल्मेशनला झोडपणं सोपं आहे, पण अन्याय होईल. १३० भाग काढायचे, तेही बेताच्या पैशांत. चित्रातली प्रत्येक जादा रेघ हजारो वेळा काढावी लागते. म्हणून ही-मॅनच्या बुटांवरची लव गेली, स्केलेटरच्या पायांच्या नख्या गेल्या, त्याच्या कवटीवरची हिरवट छटा जाऊन सपाट पिवळा राहिला. तीच धाव, तोच ठोसा पुन्हा पुन्हा वापरला. पण याच स्टुडिओनं ऑर्को दिला, आणि ॲलन ओपनहायमर यांच्या आवाजातला किरकिऱ्या, चिडका, स्वतःच्या चेल्यांना शिव्या घालणारा स्केलेटर दिला. खेळण्यातला स्केलेटर भयानक होता. लक्षात राहिला तो टीव्हीवरचा. शिवाय काही गोष्टी कार्टूनच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. स्टिंकॉर नावाच्या खेळण्याच्या प्लास्टिकलाच वास होता. पडद्यावर त्याचं काय करणार? त्या मालिकेत तो आलाच नाही.

आता आजच्या गोष्टीकडे. २०२० पासून मॅटेलनं ‘ओरिजिन्स’ या नावानं पुन्हा साडेपाच इंचांचे बाहुले काढले. रूप जुनं, पण कोपर-गुडघे वाकणारे. मला ही मालिका आवडते. बूट, डोकी, धडं निघतात आणि अदलाबदल करता येतात, म्हणजे १९८२ चा जुगाड आता उघडपणे मुलांच्या हातात दिलाय. पण त्यातच पुढं ‘कार्टून कलेक्शन’ आलं. हे बाहुले खेळण्यांवरून नाहीत, फिल्मेशनच्या चित्रांवरून केलेत. सपाट रंग, गुळगुळीत बूट, साधे डोळे. संग्राहक खूश: ‘अगदी टीव्हीवरच्यासारखा!’

थांबून बघा काय झालंय. खेळण्यावरून चित्र काढलं, चित्र स्वस्त पडावं म्हणून त्यातले बारकावे पुसले, आणि आता ते पुसलेपण जसंच्या तसं प्लास्टिकमध्ये ओतून जादा अचूक म्हणून विकलं जातंय. रेघ काढायला महाग होती म्हणून गेलेली लव साच्यात सहज आली असती. तरी ती मुद्दाम नाही.

असं मी मोठ्या तावातावानं मामाला सांगत होतो. मामा ऐंशीच्या दशकातला, साताऱ्यातला. दूरदर्शनवर ही-मॅन लागायचा तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी जमिनीवर बसून बघणाऱ्यांपैकी. त्या काळात लिओ कंपनी मॅटेलच्या परवान्यानं हे बाहुले भारतात बनवायची. मामाला एकच मिळाला, स्केलेटर. शेजारच्या मुलाकडे ही-मॅन. ‘टीव्हीवर माझा दर वेळी हरायचा,’ मामा म्हणतो, ‘पण ओट्यावर नाही.’

त्याला म्हणून मी कार्टून कलेक्शनचा ही-मॅन घेऊन गेलो होतो. चाळीस वर्षांनी का होईना, स्केलेटरला जोडीदार. माझा सगळा युक्तिवाद त्यानं ऐकून घेतला आणि विचारलं, ‘टीव्हीवरच्यासारखा म्हणजे कुणाच्या टीव्हीवरच्यासारखा?’

शेजाऱ्यांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. त्या खोलीतल्या पोरांनी स्केलेटरची पिवळी कवटी पाहिलीच नव्हती, ही-मॅनचे केस पिवळे हेही पडद्यावरून कळलं नव्हतं. रंग त्यांना खेळण्यानं दाखवले. करड्या पडद्यावर बघायचं आणि हातातल्या बाहुल्यावरून रंग भरायचे.

मी गप्प झालो, कारण माझ्या मांडणीत हे कुठंच नव्हतं. मी कार्टून आणि खेळणं यांचं भांडण लावत होतो. या पोरांनी दोन्हींतून तिसरंच काहीतरी बनवलं होतं. आता वाटतं, कार्टून कलेक्शनवरचा माझा आक्षेप चुकीच्या जागी होता. सपाट रंगांचं एवढं काही नाही. ज्याला तो पिवळा आठवतो त्यानं खुशाल घ्यावा. मला खुपतं ते हे की या बाहुल्याचं सगळं आधीच ठरलेलं आहे. तो ‘अचूक’ आहे, आणि अचूक वस्तूशी तुलना करायची असते, खेळायचं नसतं. खोका न उघडता ठेवणारे त्याच्याशी सगळ्यात प्रामाणिक वागतात म्हणायचं.

मामानं खोका उघडला. मग आतल्या खोलीतून स्टीलचा डबा आणला. स्केलेटरचा एक पाय सुटलेला, कारण पाय आतून रबरानं जोडलेले असतात आणि ते रबर कधीच कुजून गेलंय. चेहऱ्यावरचा रंग उडालाय. अर्धी तलवार मात्र शाबूत. मामानं ती नव्या ही-मॅनच्या तलवारीला लावून पाहिली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

‘हिला सपाट बाजूच नाही रे,’ तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुन्हा एकदा निरखून पाहिली.