‘गीता प्रवचने’तील विकर्म

विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यास आले. पिपरी मेघे, नालवाडी, पवनार ही नावे ज्या टापूत आढळतात, तोच पुढे त्यांची प्रयोगभूमी ठरला. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मात्र जन्मला धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात १८ रविवारी १८ अध्याय सांगितले गेले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. आत्मोन्नतीच्या मार्गदर्शनपर मराठी ग्रंथांत याचे स्थान फार वरचे असले, तरी त्याची चिकित्सा बहुधा भक्तिभावातच विरून जाते.

या ग्रंथाचे मर्म चौथ्या अध्यायातील ‘विकर्म’ या शब्दाच्या अर्थात आहे. शंकराचार्यांनी विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ केला. विनोबा ते ‘विशेष कर्म’ मानतात: बाह्य कर्माला चित्तशुद्धीची जोड देणारे आंतरिक कर्म. कर्माला त्याची साथ मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. हा अर्थ स्वकपोलकल्पित नव्हे. ज्ञानेश्वरांनीही येथे ‘विशेष’ हाच शब्द योजिला आहे. परंतु त्यांचे विशेष कर्म वर्णाश्रमास उचित असे विहित कर्म होय. विनोबांनी शब्द तोच ठेवला आणि त्याचे अधिष्ठान समाजव्यवस्थेतून उचलून मनात नेले. स्वधर्माची चर्चा त्यांनी अन्यत्र केली आहे, हे खरे. तरीही या एका ठिकाणी घडलेले स्थलांतर लहान नाही.

त्यामुळे सूत कातणारा, शेत नांगरणारा, भंगीकाम करणारा असा कोणताही मनुष्य साधक ठरू शकला. ग्रंथाचा प्रभाव दूरवर पसरला तो यामुळे, केवळ दृष्टांतांच्या गोडीमुळे नव्हे. (ही गोडी कित्येकदा युक्तिवादाची जागा बळकावते, हेही नमूद केले पाहिजे.) पण विहित कर्म घडले की नाही, हे इतरांना पाहता येते, विकर्म घडले की नाही, याला कर्त्यावाचून साक्षीदार नाही.

१९५१ साली पोचमपल्लीस आरंभ झालेल्या भूदानात ही अडचण उघडी पडली. तेथे आवाहन जमीनदाराच्या अंतःकरणास होते. दानपत्रे मोजता आली, दात्याचे मन मोजता आले नाही. आणि मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक वा वादग्रस्त निघाली. तो दोष चळवळीच्या व्यवस्थेचा म्हणून सोडून देता येईल. परंतु दात्याने दिलेली खडकाळ जमीन हे त्याचे कर्म. तिच्यामागील विकर्माची परीक्षा भूमिहीनाने कशी करावी, याचे उत्तर १९३२ च्या प्रवचनांत सापडत नाही.