गैरहजर कोण?

दूरस्थ शिक्षणात समता होती काय, असे शिक्षकांना विचारले जाते आणि त्यांच्या उत्तरांचे तक्ते छापले जातात. माझी हरकत तक्त्यांना नाही. उत्तर देणाऱ्याच्या नजरेची झडती त्यात कोणी घेत नाही, ही माझी हरकत आहे. मी स्वतः शिक्षक आहे. म्हणून झडती माझ्यापासूनच सुरू करतो.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा निघाली. देवळाली कॅम्पात मीही मोबाईलवरून धडे पाठवू लागलो. इथे लॅम रोडला बंगले आहेत, आरोग्यधामे आहेत. आणि तिथे राबणाऱ्यांची पोरेही आहेत. अशाच एका पोराच्या नावापुढे मी महिनाभर 'प्रतिसाद नाही' असे लिहीत राहिलो. मनात त्याला उनाड ठरवून मोकळा झालो. पुढे तो भाजीच्या गाडीवर भेटला. म्हणाला, "सर, फोन पप्पांसंगं कामावर जातो. रात्री आला की नेट संपलेलं असतं." गैरहजर तो नव्हता, मी होतो.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात पाच राज्यांतील ८० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी सांगितले की, ऑनलाइन वर्गात मुलांशी भावनिक नाते टिकत नाही. कबुली प्रामाणिक आहे. पण 'मुले' या एका शब्दाखाली कोण कोण झाकले गेले? ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींनी २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांची पाहणी केली. तीत ग्रामीण दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के निघाली; इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. म्हणजे दारिद्र्याच्या पोटातही जात शाबूत आहे. ज्या तक्त्यात जातीचा रकाना नाही, त्यातली समता ही केवळ शब्दांची समता होय.

कोणी म्हणेल, शिक्षकही भरडला गेला. खरे आहे. करोनाच्या ड्युट्या त्याने केल्या, पदरचे पैसे घातले. काहींनी तर फोन बाजूला ठेवून वस्तीच्या ओट्यावर वर्ग भरवले. पण व्यवस्थेने त्यांचे कौतुक केले आणि आपली जबाबदारी झटकली.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी मागितले होते ते असे शिक्षक, जे कष्टकऱ्यांच्या पोरांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. प्रश्न यंत्राचा तेव्हाही नव्हता, आजही नाही. २ मार्च १९३० रोजी याच नाशिकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आपली माणसे उभी राहिली. ते दार डोळ्यांना दिसत होते. हे दार दिसत नाही. म्हणूनच आत बसलेला शिक्षक बाहेरच्याला सहज आळशी म्हणतो.

शिक्षक मित्रांनो, हजेरीपटावर 'प्रतिसाद नाही' लिहिण्यापूर्वी एकदा वस्तीत जाऊन या. प्रतिसाद कोणी दिला नाही, ते तिथे कळेल.